मांडीवरचा संगणक, मानेवरचा भार

बारावीनंतर अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला की बहुतेक घरांत एक खरेदी ठरलेली असते, लॅपटॉपची. किंमत, रॅम, बॅटरी यांची कसून चौकशी होते. मुलगा किंवा मुलगी तो कुठे बसून आणि रोज किती तास वापरणार, हे मात्र कोणी विचारत नाही. खरे तर पहिला प्रश्न हाच असायला हवा.

लॅपटॉपची अडचण त्याच्या रचनेतच आहे. त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. कीबोर्ड कोपराच्या उंचीवर ठेवला तर पडदा खाली जातो आणि मान वाकते. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात उचलून धरावे लागतात, खांदे भरून येतात. माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलोचे. मान सरळ असताना मणके हा भार सहज पेलतात. मान जितकी पुढे झुकेल, तितका ताण वाढतो. २०१४ मध्ये अमेरिकेत मांडलेल्या एका गणिती प्रारूपानुसार, ६० अंश वाकलेल्या मानेवर हा ताण सुमारे २७ किलोइतका होतो. विशीतच मान आणि खांदे दुखू लागले, तर पुढची चाळीस वर्षे काम कसे होणार?

दुसरा मुद्दा उष्णतेचा. लॅपटॉप रोज तासन् तास मांडीवर ठेवल्याने त्वचेवर जाळीदार तपकिरी डाग पडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. २९ तरुणांवरील एका छोट्या अभ्यासात तासभर लॅपटॉप मांडीवर ठेवल्यावर अंडकोषाचे तापमान अडीच अंशांहून अधिक वाढलेले आढळले. यातून वंध्यत्व येतेच असे सिद्ध झालेले नाही. पण नाव काहीही असले, तरी या यंत्राची जागा मांडी नव्हे, टेबल आहे.

डेस्कटॉपमध्ये पडदा आणि कीबोर्ड वेगळे असल्याने दोन्ही आपापल्या योग्य उंचीवर ठेवता येतात. शिवाय तेवढ्याच पैशांत सहसा अधिक क्षमता मिळते आणि बिघडलेला भाग सुटा बदलता येतो. अर्थात त्याला जागा लागते, वीज गेली तर यूपीएस लागतो आणि तो वसतिगृहातून घरी नेता येत नाही. डोळ्यांच्या बाबतीत दोन्ही सारखेच. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. त्यासाठी दर वीस मिनिटांनी थोडा वेळ दूर पाहावे.

म्हणून निवड सवयीनुसार करावी. संगणक घरातच एका जागी वापरायचा असेल, तर डेस्कटॉपच बरा. कॉलेजात नेणे भाग असेल, तर लॅपटॉप जरूर घ्यावा. पण त्याच खरेदीत वेगळा कीबोर्ड आणि माऊसही घ्यावा. घरी लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणावी, पाठीला आधार द्यावा, पाय जमिनीला टेकवावेत आणि अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. कीबोर्ड आणि माऊसचा खर्च लॅपटॉपच्या किमतीपुढे किरकोळ असतो. संगणक चार-पाच वर्षांनी बदलता येतो, मान मात्र आयुष्यभर तीच वापरायची असते.