जात कोणी चोरली?



बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती!' ही कथा (त्याच नावाचा संग्रह, १९६३) मी नुकतीच माझ्या सोळा वर्षांच्या मुलीला वाचून दाखवली. तिचा पहिलाच प्रश्न : "पण बाबा, तो खोटं का बोलला? खोलीसाठी?"

कॉलेजात असताना मीही तसंच समजत होतो. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण परगावी जातो, राहायला जागा हवी असते, म्हणून जात लपवतो. या वेळी मोठ्याने वाचताना लक्षात आलं की जागेची बोलणी चालू असताना तो दुसरी कुठली जात सांगतच नाही. उलट जात विचारणाऱ्यालाच खडसावतो आणि आपण मुंबईकर असल्याचं ताठ मानेने सांगतो. बाकीचा अर्थ समोरचा आपल्या मनाने लावतो. माझ्या मते खोली हे निमित्त आहे. स्वतंत्र देशाचा नागरिक म्हणून आपल्याकडे पाहिलं जावं, ही त्याची खरी ओढ आहे.

पुढे जात कळल्यावर त्याला बेदम मारहाण होते. चोर ठरतो तो, आणि मारणारे साव!

आम्ही जर्सी सिटीत राहतो, म्हणून मुलीला इथलीच गोष्ट सांगितली. १९८७ साली 'डॉटबस्टर्स' नावाच्या टोळीने इथल्या वर्तमानपत्राला पत्र पाठवून भारतीयांना हुसकावून लावण्याची धमकी दिली. टोळीचं नाव आलं ते बायकांच्या कपाळावरच्या कुंकवावरून. त्याच सप्टेंबरात शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदींना मारहाण झाली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा भीतीपोटी टिकली न लावता बाहेर पडणाऱ्या बायकांना आपण खोटारड्या म्हटलं का? दोष धमकावणाऱ्यांनाच दिला. मग बागुलांच्या नायकाकडेच जाब का मागायचा?

फरक एवढाच की १९८७ मध्ये धमकावणारे परके होते. जात विचारणारे आपणच आहोत. न्यूअर्क अव्हेन्यूवर वाणसामान घेताना कोणी नवा मराठी माणूस भेटला की "आडनाव काय? मूळ गाव कुठलं?" हे आपण किती सहज विचारतो! ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येत असेल, हे ध्यानातही येत नाही. सिअ‍ॅटल शहराला २०२३ साली जातीवरून होणाऱ्या भेदभावावर कायद्याने बंदी घालावी लागली, ती उगाच नव्हे.

मुलीने शेवटी विचारलं, "बाबा, तुम्ही विचारता?"

विचारत आलोय, असं कबूल करावं लागलं. आणि आपण?