लेखनाचा तास शाळेच्या वेळापत्रकातच हवा : मुळशी तालुक्यातील पालक-शिक्षकांचे मागणीपत्र

प्रति,
तालुका व जिल्हा स्तरावरील मा. शिक्षणाधिकारी

विषय : प्रवेशपरीक्षांना बसणाऱ्या मुलांसाठी शाळेतच लेखनसरावाची सोय करण्याबाबत

महोदय,

मुळशी तालुक्यातील जिल्हा परिषद शाळांतल्या मुलांचे पालक आणि शिक्षक यांच्या वतीने आमची संघटना हे मागणीपत्र सादर करत आहे. स्वतःच्या मनाने चार ओळी लिहिता येणे हा शाळेच्या शिक्षणाचा भाग आहे. ते खासगी क्लासच्या फीवर अवलंबून राहता कामा नये. तोंडी चर्चा पुरेशी झाली. आता लेखी निर्णय हवा.

पार्श्वभूमी

आमची पाचवीची मुले शिक्रापूरच्या जवाहर नवोदय विद्यालयाच्या आणि साताऱ्याच्या सैनिक शाळेच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करतात. नवोदयच्या परीक्षेत 100 पैकी 25 गुण भाषेला, तर सैनिक शाळेच्या परीक्षेत 300 पैकी 50. दोन्हीकडे प्रश्न पर्यायी. लिहिण्याला गुण नाहीत, म्हणून तयारीत लिहिणेच गळते आणि मुले सराव संचातले गोल रंगवत बसतात.

पुढे हीच उणीव आड येते. डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजच्या आठवीच्या प्रवेशासाठी इंग्रजीचा 125 गुणांचा लेखी पेपर असतो. 1997 पासून आपल्याच तालुक्यात खुबवलीजवळ असलेल्या महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेजच्या प्रवेशासाठीही स्वतःविषयी लिहावे लागते. शिवाय जे मूल नियमित लिहिते, त्याला उताराही लवकर उमगतो.

मागण्या

1. स्वतंत्र तास. लेखनाला वेळापत्रकात स्वतःची जागा नाही. उरलेल्या वेळात ते उरकले जाते. तिसरी ते सातवीला आठवड्यातून 40 मिनिटांचा लेखनतास द्यावा. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत वर्षाला किमान 800 तास अध्यापन होते. 30 आठवड्यांचे 20 तास म्हणजे त्यातले जेमतेम अडीच टक्के.

2. पाठ केलेले निबंध बंद. ‘पावसाळा’ असा विषय दिला की वर्गातल्या सगळ्या वह्यांत गाईडमधला तोच मोर नाचतो. ‘भातलावणी चालू असताना घरी कोण थांबले आणि त्याने दिवसभर काय केले’ असे विचारले की प्रत्येक वही वेगळी होते. मुलांच्या रोजच्या जगण्यातल्या अशा किमान 40 विषयांची यादी शिक्षकांकडूनच तयार करून घ्यावी आणि जूनमध्ये प्रत्येक शाळेला द्यावी.

3. तपासणीची पद्धत. आज लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारले की तपासणी संपते. प्रत्येक लेखनावर दोनच शेरे असावेत : काय चांगले उतरले आणि काय बदलावे. मुलाने ते पुन्हा लिहावे. दोन्ही खर्डे वहीत राहावेत. महिन्यातून दोन लेखने तपासावीत, बाकीची वर्गात मोठ्याने वाचावीत. एवढे काम एका शिक्षकाला झेपते.

4. द्विशिक्षकी शाळा. मुळशी धरणाच्या वरच्या बाजूच्या आणि मोसे खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर एकच शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळतो. जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये, असे कायद्याचे कलम 27 सांगते. त्याची अंमलबजावणी व्हावी. लेखनतासाला माहिती भरण्याचे काम मागू नये. प्रत्येक सत्रात केंद्राच्या एका शिक्षण परिषदेत लेखन-अध्यापनाचे प्रात्यक्षिक ठेवावे.

5. वाचनाचे साहित्य. वाचल्याशिवाय लिहिता येत नाही. प्रत्येक शाळेत ग्रंथालय, वृत्तपत्र आणि मासिके असावीत, असे कायद्याचे परिशिष्टच सांगते. 1971 पासून बालभारती प्रसिद्ध करत असलेल्या ‘किशोर’च्या दोन प्रती दरमहा प्रत्येक शाळेत पोहोचाव्यात. पुस्तके कपाटात बंद न ठेवता घरी न्यायला मिळावीत.

6. मोफत मार्गदर्शन. फी आणि प्रवासखर्च परवडत नाही म्हणून हुशार मूल मागे पडते. ऑगस्टपासून परीक्षेपर्यंत दर शनिवारी शाळा सुटल्यावर केंद्रशाळेत मार्गदर्शन वर्ग घ्यावेत. लांबच्या वाड्यांवरच्या मुलांच्या जाण्यायेण्याची सोय करावी. सहावी-सातवीला मराठी लेखनाच्या जोडीने इंग्रजीतले छोटे परिच्छेद लिहून घ्यावेत.

एक अट

लेखनतासाला गुण नसावेत आणि त्यावरून मुलांची प्रतवारी करू नये. हा तास परीक्षेला न बसणाऱ्या मुलाचाही तितकाच आहे.

कार्यवाही

यातल्या बहुतेक मागण्यांना नवे पद किंवा नवी इमारत लागत नाही; वेळापत्रक, परिपत्रक आणि थोडी तरतूद पुरते. आमच्या बाजूने, शाळा व्यवस्थापन समित्यांत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या समित्यांमार्फत आम्ही शनिवारच्या वर्गांना हजेरी आणि मदत देऊ.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत संघटनेच्या प्रतिनिधींसोबत बैठक घ्यावी. 30 दिवसांत प्रत्येक मागणीवर मान्य, अंशतः मान्य किंवा अमान्य असे सकारण लेखी उत्तर द्यावे. मान्य मागण्या येत्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवसापासून लागू व्हाव्यात. मुदतीत उत्तर न आल्यास गावोगावच्या ग्रामसभांत हा विषय मांडून ठराव घेतले जातील आणि ते जिल्हा परिषदेपुढे ठेवले जातील.

आपले,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद
मुळशी तालुका, जि. पुणे