टिनाखाली बसून कसली कारागिरी?

परसात उभ्या करायच्या तयार लाकडी केबिनच्या जाहिराती हल्ली मोबाईलवर सारख्या दिसतात. पाइनच्या फळ्या, भिंतभर काच, आत शिलाई मशीन. चित्र देखणं आहे, पण ती खोली थंड मुलखासाठी आहे. ऊब आत धरून ठेवणं हे तिचं काम. यवतमाळात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, तिथं ऊब धरणारी खोली कुणाला हवी? शिवाय पाइन म्हणजे उधईला मेजवानी.

ज्यांना केबिन परवडत नाही, ते टिन ठोकतात. यवतमाळ, पुसद, दारव्हा, उमरखेड, कुठल्याही मोहल्ल्यात जा. गाद्या-रजया भरणारे पिंजारी, शिलाई करणाऱ्या बाया, टोपल्या विणणारे बुरूड, सगळे टिनाखाली. एप्रिल-मेमध्ये अकरा ते पाच तिथं बसवत नाही. रोजचे सहा तास धरा. साठ दिवसांत ३६० तास बुडाले. पंखा लावावा तर पिंजलेला कापूस उडतो, कूलर लावावा तर तो ओल धरतो. टिन स्वस्त पडतं असं म्हणणाऱ्यांनी ही बुडालेली मजुरी त्याच्या किमतीत मिळवावी, मग बोलावं.

आणि हे सारं कुठं? सागवानाच्या जिल्ह्यात! शेजारच्या वर्धा जिल्ह्यातलं सेवाग्राम आपण शाळेच्या सहलीत पाहतो, चपला काढून हात जोडतो आणि परत येऊन टिन विकत घेतो. आज जिला बापू कुटी म्हणतात ती मुळात मीराबेनची झोपडी. गावकऱ्यांना पिंजण आणि सूतकताई त्या तिथंच शिकवत. म्हणजे ती कारागिरीचीच खोली होती. माती, बांबू, लाकूड आणि वर कवेलू. तिला स्मारक करून आपण मोकळे झालो, तिच्यापासून शिकलो काहीच नाही.

मग खोली निवडायची कशी? सांगाडा सागवानाचा. नवा महाग वाटत असेल तर पाडलेल्या जुन्या घरांचं लाकूड घ्या, ते वाळून पक्कं झालेलं असतं. मात्र कडेचा पांढरा भाग नको, उधई तिथूनच शिरते. जोतं दगडाचं, दोन फूट उंच. भिंतीला बांबूचे तट्टे, दोन्ही बाजूंनी मातीचा लेप. छपराची वळचण भिंतीच्या पुढे तीन फूट, म्हणजे पाऊस भिंतीवर येत नाही. खिडक्या समोरासमोर. दिव्याचं बटण आणि वायर कापसापासून लांब.

यावर लोक म्हणतात, माकडं कवेलू फोडतात. फोडतात, खरं आहे. दरवर्षी पावसाआधी छप्पर फेरावंही लागतं. पण चार दिवसांची फेरणी जड वाटते आणि दोन महिन्यांची भट्टी चालते, हा कुठला हिशेब?

खरं कारण वेगळं आहे. माती म्हणजे गरिबी आणि टिन म्हणजे प्रगती, हे डोक्यात बसलंय. सोयरे येतील, काय म्हणतील? सोयरे दोन तास बसून जातात. काम करणारी बाई तिथं आयुष्य काढते.

सरकारही यातून सुटत नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांच्या कारागिरांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. त्या यादीत शिंपी आहे, सुतार आहे, टोपल्या विणणारा आहे, पिंजारी नाही. आणि अवजार मिळालं तरी ते ज्या छपराखाली चालवायचं त्याचं काय? हात तापलेले असतील तर नवी कात्री काय कामाची?

म्हणून यंदा अंगणात खोली उभी करणाऱ्यांना एकच सांगणं आहे. विकत घेण्याआधी तसल्याच एखाद्या खोलीत मे महिन्यातली एक दुपार काम करून बघा. बघायला आलेल्या पाहुण्यासारखं नाही, हातात सुई घेऊन.