आपल्या ओढ्याचा नकाशा

गोदावरीचा उगम विचारला तर तुम्ही चटकन त्र्यंबकेश्वर म्हणाल. पण शाळेमागचा ओढा कोठे जातो? बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न मोठा गमतीचा आहे. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसले आहे. तेथून उत्तरेकडे घाट उतरणारे पाणी विश्वगंगेसारख्या नद्यांतून पूर्णेला, पुढे तापीला मिळून अरबी समुद्रात जाते. दक्षिणेकडचे ओढे पैनगंगेला मिळतात. ते पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा लांबचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास पोहोचते. माथ्यावरच्या एकाच शेतात पडलेल्या पावसाच्या अशा दोन वाटा!

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशात कोरडा ओढादेखील काळ्या रेषेने दाखवलेला असतो. पाठ्यपुस्तकात मात्र त्याला जागा नाही. ज्याचे नावही ठाऊक नाही, त्याचे पात्र बुजवताना कोणाला काही वाटत नाही. मग मोठ्या पावसात पाणी जुन्या वाटेने घरात शिरते. म्हणून माझे मत असे, की प्रत्येक शाळेने आपल्या ओढ्याचा नकाशा स्वतः काढावा. शिक्षकांसह उन्हाळ्यात पात्रातून चाला, पावलांनी अंतर मोजा, होकायंत्राने वळणे टिपा. पावसाळ्यात मात्र नको. वर कोठेतरी पाऊस होतो आणि खाली अचानक लोंढा येतो.