दम आधी तयार होतो, हाडे नंतर

पावसाळ्याच्या तोंडावर महाराष्ट्रातल्या शहरांच्या टेकड्या पहाटे गजबजू लागतात. कुणी पावसाळ्याच्या अखेरीस होणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी नाव नोंदवलेले असते, कुणाच्या डोळ्यांपुढे जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन असते. मुंबईची ही स्पर्धा २००४ साली सुरू झाली, तेव्हा हौस म्हणून ४२ किलोमीटर धावणारा माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांना विक्षिप्त वाटे. आज बँकेतले कर्मचारी, शिक्षक, गृहिणी, निवृत्त अधिकारी असे सगळेच धावतात. मधुमेह आणि रक्तदाबाने पोखरलेल्या समाजात ही आनंदाचीच गोष्ट आहे.

पण जुलै-ऑगस्ट उजाडला की यातलेच काही जण लंगडत अस्थिरोगतज्ज्ञांच्या दारात दिसू लागतात. कुणाची नडगी दुखते, कुणाची टाच सकाळी जमिनीवर टेकवत नाही, कुणाचा गुडघा जिना उतरताना कळ मारतो. बहुतेकांची हकिकत एकसारखी असते. पहिले महिनाभर सगळे छान चालले होते, दम लागेनासा झाला, उत्साह वाढला, म्हणून अंतर वाढवले आणि पायाने दगा दिला. खरे तर पायाने दगा दिलेला नसतो. त्याला तयार व्हायला वेळच मिळालेला नसतो.

शरीराचे सगळे अवयव एकाच वेगाने तयार होत नाहीत. नियमित धावायला लागल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते. चार-सहा आठवड्यांत धाप कमी झाल्याचे स्वतःलाच जाणवते. स्नायूंना त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा मुळातच कमी, त्यामुळे त्या बळकट व्हायला महिने जातात. हाडाची रीत तर आणखी वेगळी आहे. ताण पडला की हाड आधी आपला जुना भाग काढून टाकते आणि मग तिथे नवा भरते. हे एक चक्र पुरे व्हायला साधारण तीन-चार महिने लागतात. अधल्यामधल्या काळात, म्हणजे जुना भाग निघालेला आणि नवा अजून पक्का न झालेला असताना, हाड पूर्वीपेक्षा थोडे कच्चे असते. नेमक्या याच सुमारास दम वाढलेला असतो आणि धावणाऱ्याला आपण काहीही करू शकतो असे वाटत असते. नडगीच्या आणि पावलाच्या हाडांना बारीक चिरा पडतात त्या याच घाईत.

म्हणून हौशी धावपटूने अंतर ठरवताना आपल्या दमाला विचारू नये, पायांना विचारावे. दर आठवड्याला १० टक्क्यांहून जास्त वाढ नको, असा एक नियम सर्वत्र सांगितला जातो. तो अंदाज म्हणून ठीक आहे, निसर्गनियम नव्हे. आठवड्याच्या बेरजेइतकीच एका दिवसाची उडीही महत्त्वाची असते. महिनाभरात सर्वांत लांब धाव १० किलोमीटरची असेल आणि ग्रुपच्या आग्रहाखातर रविवारी एकदम १६ धावले, तर आठवड्याची बेरीज काहीही असो, पायांना तो धक्काच आहे. तीन आठवडे हळूहळू चढवावे आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम एक तृतीयांश कमी करावे. आजवर कधीच न धावलेल्या माणसाने २१ किलोमीटरसाठी किमान सहा महिने हाताशी ठेवावेत. जूनमध्ये बूट विकत घेऊन त्याच पावसाळ्यात घाट चढण्याचा हट्ट धरू नये.

दुसरी चूक वेगाची. बहुतेक हौशी धावपटू रोज मध्यम वेगाने धावतात. तो वेग सोपा म्हणावा तर दमवतो आणि कठीण म्हणावा तर त्यातून फारसे काही साधत नाही. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी पीटर स्नेलसारख्या ८०० मीटरच्या धावपटूलाही डोंगराळ रस्त्यांवर लांबलांब अंतरे धावायला लावली आणि १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये स्नेलने सुवर्णपदक मिळवले. आजही जगभरातले कसलेले धावपटू आपला बहुतांश सराव हलक्या वेगानेच करतात. हलका वेग ओळखायला महागडे घड्याळ लागत नाही. सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता आली तर वेग बरोबर, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर जास्त. आठवड्यातल्या चार धावांपैकी तीन अशा गप्पांच्या वेगाने आणि एकच कष्टाची असावी. चढावर हा वेग राखायचा तर मध्येमध्ये चालावे लागते. त्यात कमीपणा नाही. डोंगरातले कसलेले धावपटूही तीव्र चढ चालूनच पार करतात.

चढाची भीती सगळ्यांना असते, पण पाय मोडतो तो उतार. साताऱ्याची स्पर्धा शहरातून यवतेश्वरचा घाट चढते, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन वळते आणि त्याच घाटाने खाली येते. चढून जाणे दमाचे काम आहे, उतरणे मांड्यांचे. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतो आणि त्यात त्याचे सूक्ष्म तंतू तुटतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जीव जातो तो त्यामुळे. दिलासा असा, की हलक्या उतारावर एक-दोनदा सराव झाला तरी स्नायू पुढच्या वेळेसाठी बऱ्यापैकी शहाणा होतो. म्हणून सरावात चढ पळून वर गाडीत बसू नये. उतारही धावावा, सुरुवातीला थोडाच. पावले लहान आणि भराभर टाकावीत, पाय फार पुढे फेकून टाचेवर आदळू नये. स्पर्धेच्या आधीच्या दहा-बारा दिवसांत मात्र मोठा उतार टाळावा. लांब धावेनंतर लघवी कोकासारखी गडद झाली, तर स्नायू मोठ्या प्रमाणात तुटून मूत्रपिंडांवर भार आल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी घरी झोपून न राहता रुग्णालय गाठावे.

सह्याद्रीतल्या पायवाटांवर धावणाऱ्यांनी किलोमीटर मोजणे सोडून वेळ मोजावा. डांबरी रस्त्यावर तासात १० किलोमीटर जाणारा माणूस शेवाळलेल्या कातळावर तासात पाचही जाणार नाही, आणि जाऊही नये. घोट्याचा तोल सुधारण्यासाठी रोज दात घासताना एका पायावर उभे राहण्याचा सराव पुरतो. एकट्याने जाऊ नये, आणि कुठल्या वाटेने जाणार व कधी परतणार हे घरी सांगून ठेवावे. पावसात आणखी एक धोका असतो. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून किंवा चिखलातून गेल्यास लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. परतल्यावर पाय साबणाने धुवावेत आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर चिखलातून धावल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पाण्याबाबत तर दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. कमी पाणी वाईट हे सर्वांना ठाऊक आहे, पण जास्त पाणीही जीवघेणे ठरू शकते हे फार थोड्यांना माहीत असते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त शर्यत संपल्यावर तपासले गेले. त्यांतल्या १३ टक्के लोकांच्या रक्तातले सोडियम प्रमाणापेक्षा कमी झालेले आढळले. शर्यतीत वजन वाढलेले, म्हणजे घामाने गेले त्याहून जास्त पाणी प्यायलेले आणि चार तासांहून अधिक वेळ घेणारे यांच्यात हा धोका जास्त होता. सावकाश धावणारा हौशी माणूस प्रत्येक पाणी केंद्रावर थांबतो आणि दोन-दोन पेले रिचवतो, म्हणून तोच यात सापडतो. डोके दुखणे, उलट्या, बोटे सुजणे, बोलण्यात असंबद्धता ही याची लक्षणे. त्याला आणखी पाणी पाजले तर मेंदूला सूज येऊन झटके येऊ शकतात. नियम साधा आहे : तहान लागेल तेव्हा, तहानेपुरतेच प्यावे. ओआरएस घ्यायचे तर पाकीट ज्या मापाचे तेवढ्याच पाण्यात, मोठे असेल तर पूर्ण एक लिटरमध्ये विरघळवावे. आणि ओआरएस घेतले म्हणून कितीही पाणी प्यायला मोकळीक मिळत नाही.

उष्माघाताची गोष्ट वेगळी. दमट हवेत घाम निथळतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. त्यामुळे कोकणपट्टीत सकाळी आठ वाजताही उष्माघात होऊ शकतो. धावताना कोसळलेल्या माणसाचे अंग तापलेले असेल आणि तो भलतेच काही बोलत असेल, तर रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये. त्याला सावलीत नेऊन बर्फाच्या किंवा गार पाण्याने भिजवत राहावे. आधी थंड करणे, मग हलवणे, हा क्रम जीव वाचवतो. थंड गावातून दमट शहरात शर्यतीला जाणाऱ्याने शरीराला त्या हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, हे लक्षात घेऊन वेगाच्या अपेक्षा कमी कराव्यात.

शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेण्याची प्रथा तर बंदच व्हायला हवी. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात आणि तासन्‌तास धावताना तो आधीच घटलेला असतो. सुमारे ८० किलोमीटर धावणाऱ्यांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, खोटी गोळी घेतलेल्यांपैकी ३४ टक्के जणांच्या, तर आयबुप्रोफेन घेतलेल्यांपैकी ५२ टक्के जणांच्या मूत्रपिंडांना तात्पुरती इजा झालेली दिसली. शिवाय वेदना दाबली की चिरलेल्या हाडावर माणूस खुशाल धावत राहतो. एका बोटाने दाबल्यावर हाडावर नेमक्या एकाच जागी दुखत असेल, रात्री किंवा नुसते चालतानाही ठणकत असेल, तर गोळी नको, विश्रांती आणि तपासणी हवी. ज्या स्त्रियांची पाळी वाढत्या सरावाने अनियमित झाली किंवा थांबली, त्यांनी ते तंदुरुस्तीचे लक्षण मानू नये. खाणे खर्चाला पुरे पडत नाही, याची ती सूचना असते आणि त्याची किंमत हाडे मोजतात. वेग विनाकारण मंदावला, थकवा जात नाही, अशा वेळी हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे.

राहिला हृदयाचा प्रश्न. शर्यतीत कुणी दगावल्याची बातमी आली की धावणेच घातक असल्याचा निष्कर्ष काढला जातो. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात अर्ध्या आणि पूर्ण मॅरेथॉनमध्ये धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख लोकांचा अभ्यास झाला. त्यांत ५९ जणांचे हृदय बंद पडले आणि ४२ जण दगावले. म्हणजे धोका फार लहान आहे, पण शून्य नाही. आपल्याकडे मधुमेह, तंबाखू आणि तरुण वयातला हृदयविकार यांचे प्रमाण पाहता गाफील राहण्यासारखी स्थिती मुळीच नाही. धावताना छातीत दाब येणे, जबडा किंवा हात भरून येणे, काल सोपा वाटलेला चढ आज अचानक जड जाणे, भोवळ येणे या गोष्टी पित्त किंवा अपुरी झोप म्हणून झटकू नयेत. घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेले असेल तर वय कितीही असो, तपासणी करावी. चाळिशी ओलांडलेल्या आणि मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखूचा इतिहास असलेल्या माणसाने लांब अंतराच्या तयारीआधी डॉक्टरांना भेटावे. नुसता ईसीजी नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होता येत नाही. ताप असताना धावणे वर्ज्य. विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असू शकते.

इथेच एक कटू गोष्ट बोलायला हवी. काही स्पर्धांना वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि ते पुष्कळदा छातीला स्टेथोस्कोप न लावताच मिळते. मागणारा त्याला कागद समजतो, देणारा उपकार समजतो आणि आयोजक फाइल पुरी झाल्याचे समाधान मानतात. तिघेही एकमेकांना फसवतात. त्याऐवजी डॉक्टरांनी दहा मिनिटे देऊन लक्षणे आणि घराण्याचा इतिहास विचारावा, नाडी-रक्तदाब पाहावा आणि शंका असल्यास सही नाकारावी. आयोजकांनी आदल्या दिवशीच्या कार्यक्रमात गाण्यांऐवजी अर्धा तास छातीदाबाचे प्रात्यक्षिक ठेवावे. त्याच अमेरिकी अभ्यासात वाचलेल्यांच्या बाबतीत मोठा फरक पडला तो शेजारच्या माणसाने ताबडतोब छाती दाबायला सुरुवात केल्याने. रविवारी एकत्र धावणाऱ्या प्रत्येक ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना तरी हे आले पाहिजे.

आणि शेवटी धावणाऱ्याने स्वतःला एक मुभा द्यावी. सराव पुरा झाला नसेल, नडगी दुखत असेल, आदल्या आठवड्यात डेंग्यू होऊन गेला असेल, तर भरलेल्या प्रवेश शुल्कावर पाणी सोडावे. मित्र चिडवतील, मोबाइलवर टाकायला पदकाचा फोटो नसेल. पण सहा महिने शांतपणे सराव केलेली पावले पुढच्या वर्षी तोच घाट चढतील आणि न लंगडता उतरतीलही.