शब्दसंग्रहाची उलटी वाट

औंढा नागनाथसारख्या गावी मराठी शिकविताना आम्हांस एक गोष्ट वारंवार जाणवते. स्पर्धापरीक्षांसाठी विद्यार्थी अवघड इंग्रजी शब्दांच्या याद्या घोकतात. परीक्षा सरली की शब्दही सरतात. त्या शब्दांमागे अनुभवच नसतो, मग ते टिकावेत कसे?

आमच्या मते वाट उलटी धरावी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, १८५७ साली त्याची वाढविलेली आवृत्ती आली. आज तो संगणकावर विनामूल्य पाहता येतो. इंग्रजांना मराठी कळावी म्हणून रचलेला हा कोश आमच्या मुलांनी इंग्रजीसाठी उघडावा. पाणी झुळझुळते आणि खळखळते यांतला भेद इथल्या पोराला ठाऊकच असतो. पहिल्यासाठी 'मर्मर', दुसऱ्यासाठी 'गर्गल', असे परके शब्द मग त्या ओळखीच्या भेदावर आपसूक बसतात.

अर्थात कोशातले इंग्रजी एकोणिसाव्या शतकातले आहे. ते आजच्या कोशाशी ताडून घ्यावेच लागेल. परंतु ज्याची मराठी तोकडी, त्याची इंग्रजी उसनीच राहणार. मराठी वाचन बाजूला ठेवून इंग्रजी सुधारा, हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला म्हणूनच आम्हांस घातक वाटतो.