कायमची नोकरी

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही घरच्या मंडळींस घेऊन पांडवलेण्यांस गेलो होतो. लेणी पाहून खाली उतरल्यावर मुले पायथ्याच्या फाळके स्मारकाच्या आवारात धावू लागली, तेव्हा आमचा भाचा हळूच म्हणाला, “मामा, नोकरी सोडावी असं मनात येतंय.”

भाच्याचे वय चौतीस. पदरी दोन मुले, घरी वृद्ध आईवडील आणि अकरा वर्षे टिकवलेली कायमची सरकारी नोकरी. त्याला जुन्या पोथ्यांची व ग्रंथांची डागडुजी करण्याचा नाद आहे. तोच उद्योग पूर्ण वेळ करावा असे त्यास वाटते. बरे, नोकरीचा त्याला तिटकारा असता तर प्रश्न सोपा होता. पण तसेही नाही. सायंकाळी सहाला घरी परतता येते, कचेरीतील मंडळी प्रेमळ आहेत, पहिल्या तारखेस पगार जमा होतो. “रोज सकाळी सोडावीशी वाटते आणि रोज संध्याकाळी बरं झालं सोडली नाही असं वाटतं,” तो म्हणाला; आणि स्मारकाकडे बोट करून, “यांनी नाही का सोडली?”

फाळक्यांचे नाव निघाले की आम्हा नाशिककरांची बोलती बंद होते. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या पुरुषाने पुरातत्त्व खात्यातील छायाचित्रकाराची नोकरी स्वदेशीच्या दिवसांत सोडली, छापखाना काढला, तोही सोडला, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला. इतके सर्वांस पाठ असते. परंतु विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढावे लागले होते, हे सांगताना आपला आवाज थोडा खाली येतो. आणि सरस्वतीबाईंविषयी तर आपण फारच थोडे बोलतो. चित्रपटाच्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्या माऊलीने केला. शिवाय फितीला भोके पाडणे, रसायने कालवणे ही कामेही तिच्याच हातची. नोकरी एकाने सोडली, पण ती सुटली साऱ्या घराची! एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट आम्ही भाच्यास सांगितली. पुढे भागीदारांशी न पटल्यामुळे फाळके नाशिकची आपली कंपनी सोडून काशीस गेले, तेथे ‘रंगभूमि’ नाटक लिहिले. आणि १९२२ साली त्याच कंपनीत परत आले, ते पगारावर. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकातच त्यांचा अंत झाला, तोही ओढगस्तीत. यात त्यांचा उणेपणा मुळीच नाही. मात्र एकदा सोडली म्हणजे कायमची सुटली, असे त्यांच्याही बाबतीत झाले नाही.

इकडे नाशिक रोडला १९२५ साली सरकारी छापखाना सुरू झाला. पूर्वी लंडनहून छापून येणारी टपालाची तिकिटे येथे छापली जाऊ लागली, १९२८ पासून नोटाही. आमच्या लहानपणी ‘प्रेसमध्ये आहे’ एवढ्या दोन शब्दांवर मुलीचा बाप निर्धास्त होत असे. पुढे २००६ साली तेथेही सरकारी खात्याचे महामंडळ झाले. १ जानेवारी २००४ नंतर केंद्र सरकारच्या नोकरीत लागलेल्या मुलकी नोकरांस तर जुने निवृत्तिवेतनही उरले नाही. तेव्हा कायमची हा शब्दसुद्धा आता पूर्वीइतका कायमचा राहिलेला नाही, हे भाच्याचे म्हणणे आम्हांस खोडता येईना.

खरे सांगावयाचे तर खोडण्याचा अधिकारही आमचा नव्हता. १९८७ साली आम्हीही राजीनामा लिहिला होता. धाकटे बंधू तेव्हा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात होते, म्हणून तो दिला नाही. आणि त्याग म्हणून ही हकीकत आम्ही मनाशी कितीदा तरी घोळविली आहे. परंतु बंधूंचे शिक्षण दोन वर्षांत पुरे झाले. नंतरची तेवीस वर्षे आम्ही कोणासाठी राहिलो? मुलांसाठी म्हणावे, तर त्यांचा जन्मही व्हावयाचा होता. भीती होती, सवय होती, आणि आता कबूल करण्यास हरकत नाही, कामाची गोडीही होती. टाचणीने लावलेल्या कागदांचा गठ्ठा जागच्या जागी गेला की आम्हांस समाधान वाटे. हे समाधान खोटे होते असे म्हणवत नाही, आणि पुरेसे होते असेही म्हणवत नाही.

घरी आल्यावर आम्ही ट्रंकेतून तो राजीनामा काढून भाच्यापुढे ठेवला. सौभाग्यवतींस त्याची माहिती होती; बंधूंस अजून नाही, आणि हे पान त्यांच्या हाती पडेल तेव्हा त्यांचा फोन येईलच. भाच्याने मजकूर दोनदा वाचला. मग त्याने कागद उजेडाकडे धरला, घडीवर अलगद बोट फिरविले आणि म्हणाला, “मामा, इथं फाटायला आलाय. माझ्याकडे द्या, खालून पातळ कागद चिकटवून आणतो.”

पुढच्या रविवारी तो कागद परत आणणार आहे. त्याच वेळी सुनेस व तिच्या सासूसासऱ्यांसही बरोबर घेऊन ये, असे सौभाग्यवतींनी त्यास बजावले आहे.